एका चुलीचा निकाल

भानुदासतात्यांनी आयुष्यात एकही निवडणूक जिंकली नाही, आणि त्यांना हरवणाऱ्या एकाही सरपंचाला त्यांनी सुखानं पाच वर्षं पुरी करू दिली नाहीत. मिरजगावहून आत वळलं, की डांबर संपून मुरूम सुरू होतो तिथं त्यांचं गाव. मी तेव्हा तालुक्याला वकिली करत होतो. ग्रामपंचायतीचा निकाल लागला, की जिंकलेला गडी गुलालात न्हाऊन ट्रॅक्टरवर उभा राहायचा आणि तात्या माझ्या ऑफिसच्या पायरीवर. पांढरा नेहरू शर्ट, कडक टोपी, बगलेत पिशवी.

"काय तात्या, पडलात म्हणे?"

"पडलो कशाचा? अपिलात हाय."

आता निवडणुकीतल्या पराभवावर अपील नसतं, असेल तर वेगळा अर्ज असतो, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. तात्यांच्या लेखी जगात कुठलीच गोष्ट पहिल्या फटक्यात संपत नव्हती. मिरजगावच्या डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली, तर तात्या म्हणाले, "त्यो खालचा निकाल झाला. नगरच्या मोठ्या डॉक्टरकडं अपिलात जातो." मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. तेव्हा तात्यांनी पुण्याच्या डॉक्टरांची चौकशी सुरू केली, आणि ती चालू असेपर्यंत तंबाखूला स्थगिती नाही असं जाहीर केलं. हॉटेलात चहा पांचट आला तर ते पोऱ्याशी बोलत नसत. गल्ल्यावरच्या मालकाकडे जात, आणि मालकानं ऐकलं नाही तर त्याच्या म्हाताऱ्या बापाकडे. बाप बहुधा तात्यांच्या बाजूनं निकाल द्यायचा.

त्यांचं खरं राजकारण गावात नव्हतंच. ते नगर, नाशिक आणि संभाजीनगर अशा तीन मजल्यांवर चालायचं. सरकारी जागेवर अतिक्रमण केलेल्या माणसाला ग्रामपंचायतीत बसता येत नाही, असा कायदा आहे. तक्रार करायची नगरच्या कलेक्टरकडे, त्यावर अपील नाशिकला कमिशनरकडे, आणि तिथंही कुणाचं समाधान झालं नाही तर सरकारचा हुकूम बरोबर की चूक हे बघणार संभाजीनगरचं खंडपीठ. आमच्या बाजूच्या गावांत अशी घरं कमीच, ज्यांची पायरी, न्हाणी, उकिरडा, यांतलं काहीतरी गावठाणाच्या जागेत सरकलेलं नाही. तात्यांना सरपंचाचं घर बघितलं की आधी पायरी दिसायची, मग सरपंच.

या तीन मजल्यांची त्यांनी आपल्यापुरती प्रतवारी लावली होती. "कलेक्टरकडं उभं ऱ्हावं लागतं. कमिशनरकडं बाकडं हाय. खंडपीठात मातर पंख्याखाली बसून न्याय मिळतो." खंडपीठावर त्यांची श्रद्धा होती, दुसरा शब्द नाही. फाटकापाशी तंबाखूची डबी ड्रायव्हरच्या हवाली व्हायची. तोंड तीनतीनदा खळखळून धुतलं जायचं. पहिल्या खेपेला त्यांनी कोर्टाच्या दाराबाहेर वहाणा काढल्या होत्या, आणि शिपायानं दटावून त्या परत घालायला लावल्या, त्याचं त्यांना वाईट वाटलं होतं. तहसीलमध्ये तात्या बिनदिक्कत खोटं बोलत. त्यांच्या आजाराचे अर्ज मीच लिहिलेत, त्यामुळे मला माहीत आहे. पण खंडपीठाचं नाव निघालं, की कानाला हात. "खाली काय हानायचं ते हाना. वर खोटं बोलू न्हाई. त्येच्या वर कोन हाय मग आपल्याला?"

दिल्ली आहे, असं मी एकदा म्हणालो. दिल्लीला भाकरी मिळत नाही, एवढ्यावर त्यांनी तो विषय संपवला.

तारखेला साडेदहाच्या आत संभाजीनगर गाठायचं म्हणजे गावातून पहाटेच निघायला हवं. तेवढ्या पहाटे निघणारी गाडी एकच, सलीमची जीप. त्यामुळे तक्रारदार, ज्याच्यावर तक्रार तो, आणि दोघांपैकी एकाचा वकील, म्हणजे मी, असे सगळे एकाच जीपमधून भांडायला जायचो. याचे नियम ठरलेले होते. ज्याची याचिका असेल त्यानं पुढच्या सीटवर बसायचं. गाडीत केसचं नाव काढायचं नाही. कांद्याचा भाव, कुणाची पोरगी कुठं दिली, कुणाची बोअर कोरडी गेली, हे सगळं चालेल. नेवासा फाटा ओलांडून प्रवरासंगमला गाडी थांबायची, सगळे नदीवर हातपाय धुवायचे आणि डबा उघडायचा. डबा तात्यांच्या घरचा. कारण माणसं बदलायची, तात्या दर केसमध्ये असायचेच.

या डब्याला खरी चव आली ती रोहिणी सून म्हणून आल्यावर. तात्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा सुप्याला एमआयडीसीत कामाला, घरात बाई माणूस नाही, त्यामुळे तोवर डब्यात नुसते चुरमुरे-शेंगदाणे असायचे. ती आल्यानंतरच्या पहिल्या तारखेला तात्या एकट्यापुरत्या दशम्या मागायला लागले तेव्हा ती म्हणाली, "आन् बाकीचे काय तुमच्या तोंडाकडं बघत बसत्याल व्हय?" तेव्हापासून धडप्यात बांधलेल्या दशम्यांची चवड आणि शेंगदाण्याची चटणी यायला लागली, विरोधी पक्षासकट सगळ्यांना पुरेल एवढी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या त्या मऊ दशम्या मी पुढं कुठं खाल्ल्या नाहीत.

तात्यांचा सगळ्यात गाजलेला विजय सर्जेरावावरचा. सर्जेराव म्हणजे धिप्पाड, हसतमुख, दोन ट्रॅक्टरांचा मालक आणि त्या वेळचा सरपंच. त्याच्या वडिलांचा गोठा अर्धा गावठाणात होता. सर्जेरावाचं म्हणणं, गोठा वडिलांचा, मी कशाला जाऊ? तात्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं, की बापलेक एका चुलीवर जेवतात, तर घर एक आणि अतिक्रमणही एक. प्रकरण वरपर्यंत गेलं आणि खंडपीठानं ते मान्य केलं. सर्जेरावाचं पद गेलं. परतीच्या वाटेवर सर्जेराव जीपमध्ये मागं बसून मुकाट चटणी खात होता आणि तात्या पुढं बसून त्याला पाणी देत होते.

तो निकाल तात्यांनी लॅमिनेट करून देवांच्या शेजारी टांगला. इंग्रजीत होता, त्यामुळे वाचता कुणालाच येत नव्हता. पण आल्यागेल्याला दाखवायचा आणि मागेल त्याला झेरॉक्स द्यायची, असा त्यांनी परिपाठ ठेवला.

गावानं मग शहाणपणा केला. पुढच्या खेपेला सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं, तेव्हा देवळात बैठक बसली आणि एकमतानं ठरलं, की पद तात्यांच्याच घरात द्यायचं. मग तक्रार करणार कोण? रोहिणी बिनविरोध सरपंच झाली. तात्यांना या निवडीत खोट काढायला काही सापडेना. ते पुष्कळ दिवस उदास होते.

पोरगी मात्र कामाची निघाली. वरच्या वस्तीवर पाणी नव्हतं, बायका उन्हाळ्यात टँकरमागं धावायच्या. रोहिणीनं टाकीचं काम मंजूर करून आणलं. रोज सकाळी पदर खोचून ती ठेकेदाराच्या उरावर जाऊन उभी राहायची, सिमेंटच्या गोण्या मोजायची. टाकीचा पाया वर आला आणि तात्यांची उदासी हटली. रस्त्यात कुणीही भेटलं तर ते विचारायचे, "टाकी बघितली का आमच्या सूनबाईची?"

अशात एका संध्याकाळी सर्जेराव तात्यांच्या ओट्यावर येऊन बसला. चहा झाला. जुन्या गोष्टी निघाल्या. जाता जाता तो म्हणाला, "तात्या, त्या माझ्या निकालाची एक झेरॉक्स द्या की. आठवन म्हनून."

तात्यांना कोण आनंद झाला. त्यांनी दोन प्रती दिल्या.

सर्जेराव ज्या ओट्यावर बसून चहा प्यायला, तो ओटा तात्यांनी मोठ्या हौसेनं बांधला होता. तिथून ग्रामपंचायतीचं दार समोर दिसायचं, कोण आत गेलं, कोण किती वेळानं बाहेर आलं, सगळं कळायचं. मोजणीवाले आले तेव्हा निघालं, की अख्खा ओटा रस्त्यात आहे. सासऱ्याचं अतिक्रमण, सून सरपंच, चूल एक. तक्रार सर्जेरावाची, आणि तिला जोडला होता तात्यांचाच निकाल.

तात्या माझ्याकडे आले तेव्हा टोपी हातात होती. "ओटा आत्ता पाडतो," म्हणाले. मी म्हटलं, आता पाडून काही होत नाही, तक्रारीच्या दिवशी होता ना, तेवढं पुरे. एकच वाट आहे, तुम्ही आणि रोहिणीताई विभक्त असाल तर. त्यांचं रेशनकार्ड खरंच वेगळं होतं, पूर्वी रॉकेल जास्त मिळावं म्हणून करून घेतलेलं. पण कार्ड वेगळं असून काय, चूल तर एकच होती.

दोन दिवसांनी मी गावात गेलो तर तात्या रस्त्यापलीकडच्या कडब्याच्या छपरात तीन दगड मांडून बसले होते. डोळे धुरानं लाल. "वकीलसाहेब, मी विभक्त झालो."

"तात्या, आज होऊन काय उपयोग?"

"तारीख लागंस्तवर जुना व्हतो की."

कलेक्टरकडे आम्ही हरलो. नाशिकलाही हरलो. दोन्हीकडे कुणी गावात येऊन बघितलं नाही, की कोण कुठं जेवतं. तात्यांचा निकाल वाचला आणि रोहिणीचं पद काढलं. खंडपीठानं तात्पुरती स्थगिती दिली, म्हणून ती खुर्चीवर राहिली. टाकी निम्मी झाली होती. पद गेलं तर काम अडणार, हे उघड होतं. तात्या वाळले. एकदा जीपची वाट बघत असताना ते मला म्हणाले, "दुसऱ्याचं पद गेलं का मला भूक लागायची, वकीलसाहेब. आता घास उतरत न्हाई." त्यांच्या तोंडून असं काही मी पूर्वी ऐकलं नव्हतं.

अखेरच्या सुनावणीला आम्ही नेहमीसारखे निघालो. पुढं रोहिणी, कारण याचिका तिची. मागं तात्या, सर्जेराव आणि मी. प्रवरासंगमला डबा उघडला. तात्या आपल्या पिशवीतली करपलेली भाकरी काढायला लागले. रोहिणीनं ती काढून घेतली आणि त्यांच्या हातावर दशमी ठेवली. "हितं नदीवर कोन पंचनामा करायला येतंय?" तात्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि खाल्ली. मग दुसरी खाल्ली. त्यांच्या शेजारी बसून सर्जेरावही खात होता, आणि तो किती खातो याचा हिशेब तसा कधीच नसायचा.

कोर्टात आमचे मोठे वकील चांगलं बोलले. रेशनकार्ड दाखवलं, छपराचे फोटो दाखवले. न्यायमूर्तींनी कागद चाळले आणि विचारलं, सासरे आले आहेत का? तात्या उठले. पंख्याखाली घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

न्यायमूर्ती मराठीत म्हणाले, "आजोबा, तुम्ही सुनेपासून वेगळे राहता?"

"व्हय साहेब. छपरात."

"जेवण?"

"माझं मी करतो."

"आज सकाळी काय खाल्लंत?"

"दशम्या."

"तुम्ही केल्या?"

आमच्या मोठ्या वकिलांनी मान खाली घातली. मी तात्यांकडे बघितलं. एक "हो" म्हटलं असतं तर संपलं होतं, आणि कुणी शोधायला जाणार नव्हतं. तात्यांनी ओठ उघडले, मिटले. एकदा रोहिणीकडे बघितलं. तिनं पदर घट्ट धरला होता. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "न्हाई साहेब. सुनंनं."

सर्जेरावाचे वकील ताडकन उभे राहिले. हेच तर आमचं म्हणणं आहे, चूल एक आहे, आता तर त्यांनीच सांगितलं! झालं, टाकी गेली.

पण तात्यांच्या अंगात आयुष्यभराचा तक्रारदार भिनलेला होता. आपण सापडलो म्हटल्यावर दुसऱ्याला सोडायचं कसं? त्यांनी सर्जेरावाकडे बोट केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पन साहेब, ह्यानंबी खाल्ल्या! म्या दोन खाल्ल्या, ह्यानं मोजल्याबी न्हाईत. आजच न्हवं, दर तारखंला खातो. इचारा त्येला."

न्यायमूर्ती सर्जेरावाकडे वळले. "खरं का?"

तो एवढा धिप्पाड माणूस हात जोडून उभा राहिला. त्याचे वकील त्याची बाही ओढत होते, पण तो बिचारा खरं तेच बोलला. "साहेब, तिच्या हातची चटनी लई झ्याक असती."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायमूर्तींनी चष्मा काढून पुसला. "मग तुमचाच युक्तिवाद मानला तर तक्रारदारही याच कुटुंबात धरायचे का?" हुकूम झाला, की डब्यावरून घर एक की दोन हे ठरत नसतं, खाली त्याची चौकशीच झालेली नाही. दोन्ही आदेश रद्द. प्रकरण पुन्हा कलेक्टरकडे, नव्यानं चौकशी करा, आणि तोवर सरपंच पदावर राहतील.

बाहेर येताच दोघांनीही फोन काढले. तात्या ओरडून सांगत होते, "आदेश रद्द! जितलो!" चार पावलांवर सर्जेराव ओरडत होता, "फेरचौकशी लागली! केस जित्ती हाय, गुलाल आना!" संध्याकाळी गावात शिरलो तर चौकात दोन मिरवणुका तयार. गावात डीजे एकच. दोघांनीही त्यालाच सांगितलेलं, त्यामुळे त्यानं आळीपाळीनं एकेकाचं गाणं लावायचं ठरवलं होतं. जीपचं दार उघडताच कोण कुणाच्या बाजूचं हे न बघता पोरांनी सगळ्यांवर गुलाल उधळला. सर्जेरावाला तात्यांच्या माणसांनी खांद्यावर घेतलं आणि उतरवायला कुणी तयार होईना. मी गुलाबी होऊन घरी गेलो. बायकोनं विचारलं, कोण जिंकलं? मी म्हटलं, जेवायला वाढ.

त्याच जीपमध्ये, गाव यायच्या आधी, तात्या मला म्हणाले होते, "आज घरी जेवतो. लई दिस झाले." मला सांगणं भाग होतं, की चौकशी आता केव्हाही येईल. ती होईस्तोवर तुम्हाला छपरातच राहायला हवं.

"म्हंजे जितलो तरी भायेरच?"

"जिंकलात म्हणूनच, तात्या."



सरकारी चौकशी ती. आज येते, उद्या येते करत दोनएक वर्षं गेली. तात्या रस्त्याच्या त्या बाजूला, घर या बाजूला. आता ते रोहिणीच्या हातचा पाण्याचा तांब्यासुद्धा घेईनात. नात वाटी घेऊन यायची तर म्हणायचे, "वाटी माघारी ठिवून ये, तू ये." त्यांच्या भाकरी धड गोल होत नव्हत्या. मग रोहिणीनं आपल्या दारातून ओरडून शिकवायला सुरुवात केली. "तात्या, पानी कडक घ्या. आता मळा. आजून मळा." तात्या पलीकडून ओरडायचे, "किती मळू?" सगळ्या आळीला हा शिकवणीवर्ग ऐकू जायचा. सूनबाईनं तेवढा मार्ग काढला होता, आणि यावर पंचनामा कसा करायचा ते कुणाला कळत नव्हतं.

टाकी पुरी झाली. वरच्या वस्तीला पाणी आलं त्या दिवशी आमदारांच्या हस्ते नळ उघडला. मांडवात घरच्यांना खुर्च्या होत्या, म्हणून तात्या मांडवात आले नाहीत. सगळे पांगल्यावर ते शेवटच्या नळाशी गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तोंडावर मारलं, आणि तिथल्या एका म्हातारीला म्हणाले, "गोड हाय का न्हाई?" मी लांबून बघत होतो. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

तात्या जाऊन आता वर्ष होत आलं. मी त्यांना शेवटचं बघितलं ते पंचायतीची मुदत संपली त्या संध्याकाळी. प्रशासकांनी चार्ज घेतला, सरपंच राहिला नाही, तेव्हा चौकशीलाही काही अर्थ उरला नाही. हेच सांगायला मी गेलो होतो. तात्यांनी तव्यावरून शेवटची भाकरी काढली होती. चांगली गोल, पापुद्रा सुटलेली.

रोहिणी रस्ता ओलांडून छपराच्या दाराशी आली. डोक्यावरचा पदर नीट करून म्हणाली, "तात्या, ताट वाढलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चुलीवर पाणी मारलं, टोपी घातली, भाकरी फडक्यात बांधल्या आणि निघाले. दारात वहाणा काढल्या आणि तिथंच थबकले. पाहुण्यानं थांबावं तसे.

"येऊ का?"

"आवो, या की आत."

आत जाऊन त्यांनी आधी फडकं सोडलं आणि भाकरी तिच्यापुढं ठेवली. तिनं एक तुकडा मोडला, तोंडात टाकला. तात्या उभेच होते, हात मागं बांधून, तिच्या तोंडाकडं बघत.

"मीठ इसरला तात्या."

"इसरलो गं," तात्या म्हणाले आणि पाटावर बसले.